शरदातले वाटसरू पक्षी: पहिल्या मोसमाची सुरुवात कशी करावी

गणपतीचे मांडव उभे राहायला लागतात त्या सुमारास ओढ्याकाठच्या एखाद्या ओल्या दगडावर सडपातळ अंगाचा, राखी पाठीचा आणि पिवळसर पोटाचा एक पक्षी दिसू लागतो. त्याची लांब शेपटी क्षणभरही थांबत नाही, सारखी खालीवर होत असते. हा करडा धोबी. हिमालयातून आणि त्याच्याही उत्तरेकडून तो इथवर येतो. पाऊस अजून पुरता सरलेला नसतो, डोंगर हिरवेगार असतात, अंगावर रेनकोट असतो, आणि याने मात्र हिवाळा सुरू झाल्याचं सांगून टाकलेलं असतं. माझं पक्ष्यांचं वर्ष गेली अनेक वर्षं याच पक्ष्याने सुरू होतं.

पुढचे तीन महिने, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, महाराष्ट्रात आणि गोव्यात पक्षी बघायला सगळ्यात उत्तम. तरी नवखे लोक बहुधा डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करतात, थंडी पडल्यावर, बदकांचे मोठे थवे आल्यावर. ते चुकीचं नाही, पण तोवर निम्मी मंडळी येऊन पुढे निघून गेलेली असते. शरदातली गंमत वेगळी आहे. रोज कोणीतरी उतरतं, कोणीतरी निघतं. आज दिसलेला पक्षी परवा नसतो. ज्याला आपण 'दुर्मीळ' म्हणतो त्यातले कितीतरी पक्षी मुळात संख्येने कमी नसतात. त्यांचा आपल्या गावातला मुक्काम दोन-चार दिवसांचा असतो, एवढंच. त्या दोन-चार दिवसांत आपण तिथे असावं लागतं. त्यासाठी काय करायचं ते आता क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कोण येतं, कोण जातं

या दिवसांत आपल्याकडे तीन तऱ्हेचे प्रवासी असतात. त्यांचा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

एक, मुक्कामाला येणारे हिवाळी पाहुणे. धोबी, भिंगऱ्या, तुताऱ्या, हॅरियर म्हणजे भोवत्या, गप्पीदास, कृष्ण थिरथिरा, बदकं. हे आले की मार्च-एप्रिलपर्यंत राहतात.

दोन, वाटसरू. हे फक्त इथून जातात. मध्य आशियातून आफ्रिकेकडे निघालेले युरोपीय नीलपंख (आपल्या नेहमीच्या नीलपंखाचा फिकट निळ्या डोक्याचा, तांबूस पाठीचा भाऊ), लाल पाठीचा खाटीक, स्पॉटेड फ्लायकॅचर, कॉमन कक्कू. यांची मोठी वाट कच्छ-सौराष्ट्रावरून जाते, पण त्या वाटेची एक कड पश्चिम महाराष्ट्रावरूनही जाते. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, बस. नोव्हेंबरात शोधायला गेलात तर सापडायचे नाहीत.

तीन, निघून जाणारे. यांना सगळेच विसरतात. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून आलेला चातक सप्टेंबर-ऑक्टोबरात परत फिरतो. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात वीण केलेला नवरंग ऑक्टोबरात दक्षिणेकडे सरकतो, आणि त्या वाटेवर शहरातल्या सोसायटीच्या बागेत, कधी जिन्यात, कधी बाल्कनीत येऊन टेकतो. 'आमच्या अंगणात हा कुठला रंगीत परदेशी पक्षी?' असे फोटो ऑक्टोबरात मला दरवर्षी येतात, आणि त्यातले बरेच नवरंगाचे असतात. तो परदेशी मुळीच नाही.

महिन्यांचा अंदाज असा ठेवा. ऑगस्टअखेर करडा धोबी, तुताऱ्या आणि भोरड्या (ज्यांना कोणी पळस मैना म्हणतात). भोरड्या तर जुलैच्या शेवटीही यायला लागतात. सप्टेंबरात भिंगऱ्या, हिरवट वटवट्या आणि तारांवर, काटेरी झुडपांवर वाटसरू. ऑक्टोबरात माळावर हॅरियर आणि गप्पीदास, बागांत तपकिरी खाटीक आणि लाल गळ्याचा फ्लायकॅचर, तळ्यांवर बदकांच्या पहिल्या तुकड्या. बदकांत गार्गनी सगळ्यांच्या आधी. नोव्हेंबरात बाकीची बदकं, पट्टकदंब हंस, भारीट, स्टेपी गरुड आणि अगदी शेवटी अमूर ससाणा.

दुसरी पायरी: एक जागा आपली करा

नवख्यांना मी एकच गोष्ट परत परत सांगतो. पहिल्या मोसमात लांब जाऊ नका. घरापासून वीस मिनिटांवरची एक जागा निवडा आणि दर आठवड्याला तिथेच जा. टेकडी चालेल, गावचा पाझर तलाव चालेल, नदीवरचा बंधारा चालेल. त्या जागेत थोडं पाणी, थोडी झुडपं आणि थोडी मोकळी जमीन असली तर फारच छान.

कारण साधं आहे. नवा पक्षी ओळखायचा तर जुने पक्षी न बघता ओळखता यायला हवेत. तुमच्या टेकडीवर बुलबुल कुठल्या झाडावर बसतो, सातभाईंचं टोळकं कुठून कुठे फिरतं, खाटीक कुठल्या बाभळीवर असतो हे पाठ झालं की ज्या दिवशी त्या बाभळीवर वेगळाच खाटीक बसलेला असेल, त्या दिवशी तो तुमच्या डोळ्यांत खुपेल. अनोळखी जागी तो समोर असूनही दिसत नाही.

मी पुण्याचा. माझी जागा म्हणजे सोलापूर रस्त्यावरचा कवडी पाटाचा बंधारा. मुळा-मुठेचं शहरातून आलेलं पाणी, त्यावर फेस, कडेला प्लास्टिक. पहिल्यांदा येणाऱ्याला वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं. पण त्याच गाळात किडे आहेत, आणि किडे आहेत म्हणून धोबी, तुताऱ्या, शेकाटे आहेत, थंडीत चक्रवाक आहेत. या बंधाऱ्यावर दर रविवारी तेच ते पक्षी मोजत बसण्यात मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्याच सहलीत शिकलो नाही.

इथे एक इशारा. ऑक्टोबरात मित्रांना घेऊन भिगवणला जायचा बेत बहुतेक सगळे करतात. उजनीचं धरण पावसाळ्यानंतर काठोकाठ असतं. पाणी खोल, चिखल बुडालेला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि काठावर चरणारे बाकीचे पक्षी उथळ पाणी उघडं पडल्यावरच जमतात, आणि ते पाणी उतरायला हिवाळा अर्धा संपावा लागतो. भिगवण जानेवारीनंतर करा. ऑक्टोबरात गावचा छोटा तलाव जास्त देतो.

तिसरी पायरी: सामान

दुर्बीण हवीच. ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पटीने मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तो जितका मोठा तितका उजेड जास्त. दहा पटीची दुर्बीण आकर्षक वाटते, पण हात हलला की चित्रही दहा पटीने हलतं, आणि झुडपातला वटवट्या सापडेपर्यंत उडून जातो. नवी घेतल्यावर एक काम नक्की करा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने लांबची पाटी स्पष्ट करा, मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी तिथेच ठेवायची. हे न केल्यामुळे 'माझं डोकं दुखतं' म्हणत दुर्बीण कपाटात टाकलेले लोक मी पाहिलेत.

कॅमेरा पहिल्या वर्षी नसला तरी चालेल. कॅमेरा हातात आला की आपण पक्षी बघायचं थांबवून पक्षी टिपायला लागतो.

वही मात्र हवी. खिशात मावणारी, पेन्सिल बांधलेली. तारीख, वेळ, जागा, हवा, पक्षी, संख्या. 'भरपूर' असं लिहू नका, अंदाजे का होईना पण आकडा लिहा.

आणि बूट. पावसाळ्यानंतर गवत गुडघाभर असतं आणि त्यात घोणस, फुरसं असू शकतं. चपलेवर माळात जाऊ नका. उसाच्या फडाजवळून पहाटे एकट्याने जाऊ नका. शेतातून जायचं असेल तर बांधावरच्या माणसाला आधी रामराम घाला आणि कशासाठी आलोय ते सांगा. शेतकरी दोन मिनिटांत जे सांगतो ते ॲप सांगत नाही. ज्वारीवर भोरड्यांचे थवे कधी उतरतात हे त्याच्याइतकं अचूक कोणाला ठाऊक असणार? त्यासाठीच तर तो गोफण घेऊन माळ्यावर उभा असतो.

चौथी पायरी: कुठे, कधी, कसं उभं राहायचं

*खाडी आणि समुद्रकिनारा.* इथे घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पार लांब ठिपक्यांएवढे दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना पुढे ढकलत आणतं, आणि मग चिखल्या, तुताऱ्या, कुरव, सुरय तुमच्या पायांशी येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी जागेवर हजर राहायचं.

भरतीची वेळ काढायची आपल्या कोळ्यांची रीत अजूनही उत्तम चालते: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. मग पक्षी बघायला सोयीचे दिवस कुठले? द्वादशी ते चतुर्दशी. भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते, म्हणजे सकाळी सात-साडेसातला पोचलात की उन्हं वर चढायच्या आत सगळं आटोपतं. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात ताडून घ्या, पण दिनदर्शिकेवर नजर टाकून रविवार ठरवायला ही पाऊणपट पुरेशी आहे.

मुंबईकरांसाठी भांडुप पंपिंग स्टेशन, ऐरोली आणि उरणकडचे पाणथळ भाग. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तो मुख्यतः रोहितांमुळे. पण शरदात रोहितांची वाट बघू नका, तिथले किनारपक्षी बघा. अलिबागजवळचं आक्षी तर कुरव आणि सुरय शिकायची शाळाच आहे. गोव्यात मोरजीचा किनारा, करमळीचं तळं, चोडण बेटावरचं सालिम अली अभयारण्य. सप्टेंबरात पावसाचा शेवटचा जोर असला तर किनाऱ्यावर खोल समुद्रातला एखादा पक्षीही वाऱ्याने लोटला जाऊन येतो. मास्क्ड बूबी, ब्रायडल्ड टर्न असे पक्षी आपल्या किनारपट्टीवर असेच थकलेल्या अवस्थेत सापडले आहेत. वादळी रात्रीनंतरची सकाळ म्हणूनच वाया घालवू नये.

*माळ.* हॅरियर बघायला सकाळी धावपळ करू नका. दिवसभर ते मैलोनमैल पसरलेले असतात. संध्याकाळी साडेचार-पाचला एखाद्या उंचवट्यावर, सूर्य पाठीशी घेऊन शांत बसा. हॅरियर झाडावर झोपत नाहीत, उंच गवतात जमिनीवर उतरतात, आणि रातथाऱ्याला येताना चारही दिशांनी, गवताच्या टोकांना पंख लागतील इतक्या खालून तरंगत येतात. पंखांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा उथळ कोन हीच त्यांची खूण. सासवड-सुपे-बारामतीचा पट्टा, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी, सोलापूरजवळचं नान्नज ही गवताळ रानं शिल्लक आहेत तोवर हे दृश्य आहे. सरकारी कागदांवर अशा माळांना पडीक म्हणायची जुनी सवय आहे. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आलेला पक्षी ज्या जमिनीवर रात्र काढतो तिला पडीक कसं म्हणायचं?

रातथाऱ्याच्या गवतात मात्र शिरायचं नाही. गाडीचे दिवे तिकडे फेकायचे नाहीत. अंधार पडल्यावर आल्या वाटेने गुपचूप परत.

*तळी आणि धरणं.* नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला आणि त्यातून हा पाणथळ तयार झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे एकदा जाच. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. सकाळी लवकर, पाण्यावर ऊन तिरपं असताना बदकं नीट दिसतात. मराठवाड्यातल्यांना पैठणचं जायकवाडी जवळचं, विदर्भात तर मालगुजारी तलावांची काही कमीच नाही.

*झाडी.* सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. सिंहगडाच्या पायथ्याची दरी, किंवा तुमच्या कॉलेजच्या आवारातली जुनी झाडं. इथे डोळ्यांआधी कान लावा. हिरवट वटवट्या पानांत हरवलेला असतो, पण त्याचं 'चिस्वी' असं दोन तुकड्यांचं ओरडणं एकदा ओळखलं की ऑक्टोबरपासून शहरातल्या प्रत्येक रस्त्यावर ऐकू येतं. झुडपात खाली 'चक्, चक्' असं कोणी दगडावर दगड आपटल्यासारखं बोलत असेल तर तो ब्लिथ्स रीड वॉर्बलर. एका जागी पंधरा मिनिटं न हलता उभं राहायची सवय करा. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही.

परतीच्या पावसाचा एक फायदा सांगतो. छोटे पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात. हवा थंड असते, शिकारी पक्ष्यांचं भय कमी असतं, दिशा कळायला तारे असतात. रात्री विजा-ढगांचा पाऊस झाला की वर उडणारे पक्षी खाली उतरतात. त्या सकाळी तुमच्या नेहमीच्या जागेवर नक्की जा, कामावर पोचायला जरा उशीर झाला तरी.

पाचवी पायरी: ओळख पटवणं

शरदात पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाही, आणि नवख्याला वाटतं आपलंच चुकतंय. चुकत नसतं. नर बदकांनी अजून भडक पिसं घातलेली नसतात, सगळी मादीसारखी तपकिरी दिसतात. किनारपक्षी पिसं बदलत असतात. ऑगस्टच्या शेवटी आलेल्या कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर उन्हाळी तांबडे डाग उरलेले दिसतात. त्यात यंदा जन्मलेली पिल्लं वेगळ्याच रंगात. म्हणून रंगाकडे शेवटी जा. आधी आकार, मग ठेवण, मग वागणं. चोच किती लांब, डोक्याच्या तुलनेत? शेपटी हलवतो का, आणि खालीवर की आडवी? चालतो की उड्या मारतो? उडताना पंखावर पांढरी पट्टी दिसली का? एवढं लिहून घेतलं की मग फोनवरचं मर्लिन ॲप उघडा. ते चांगलं आहे, पण ते सुचवतं, निकाल देत नाही.

नाव ठरत नसेल तर अडून बसू नका. हॅरियरच्या माद्या आणि पिल्लं जाणत्यांनाही चकवतात. वहीत 'हॅरियर, जात नक्की नाही' असं लिहिणं ही प्रामाणिक नोंद आहे.

सहावी पायरी: 'हा दुर्मीळ आहे!' असं वाटलं तर

आधी श्वास घ्या आणि पक्षी बघत राहा. फोन काढून कोणाला कळवण्यात पहिली दोन मिनिटं घालवलीत तर नेमकी तीच दोन मिनिटं मिळायची होती.

मग नेहमीचे संशयित बाजूला काढा. ठिपक्यांचा लांब शेपटीचा अनोळखी पक्षी म्हणजे बहुतेक वेळा कोकिळा. नर काळा असतो, मादी ठिपकेदार, हे माहीत नसतं म्हणून घोटाळा होतो. 'तपकिरी गरुड' म्हणजे ब्राह्मणी घारीचं पिल्लू किंवा दलदल हॅरियर. 'छोटा बगळा, अंगभर ठिपके' म्हणजे रातबगळ्याचं पिल्लू. हे सगळे वगळूनही काही उरलं, तर फोटो घ्या. दुर्बिणीच्या भिंगाला फोन लावून काढलेला धूसर फोटो चालतो. पंख उघडलेला, पाठमोरा, शेपटीचा, जे मिळेल ते. आवाज करत असेल तर रेकॉर्ड करा. फोटो नाही मिळाला तर जागेवरच, कुठलंही चित्र बघायच्या आधी, दिसलं ते लिहून काढा. चित्र बघितल्यावर आठवण बदलते.

मग एखाद्या जुन्या पक्षीमित्राला विचारा. त्याने 'नाही' म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, 'का नाही' हे विचारा. त्या उत्तरातूनच आपण शिकतो.

नोंद खरी असणं किती मोलाचं असतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड स्थलांतर करत नाही, पण ही गोष्ट प्रत्येक नवख्याने ऐकावी. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा खरा शेवटचा नमुना मिळाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या संग्रहातल्या एका नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी असा पत्ता लिहिला. प्रत्यक्षात तो नमुना चोरलेला होता आणि पत्ता खोटा. लोक चुकीच्या जागी शोधत राहिले, पक्षी नामशेष झाला असं धरून चालले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांत बसून तो खोटेपणा उघडा पाडला, खऱ्या नोंदींच्या मागावर त्या आणि त्यांचे सहकारी खानदेशात आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. आपण वहीत तारीख आणि जागा लिहितो तेव्हा असंच काहीतरी पुढच्या कोणाच्या हाती देत असतो.

सातवी पायरी: नोंद कुठे द्यायची

ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर खातं उघडा, फुकट आहे. कमीत कमी पंधरा मिनिटांची, दिसलेल्या आणि ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी भरा. फक्त खास पक्षी नव्हे, कावळा, साळुंकी, पारवा सगळं. साळुंक्या मोजायचा कंटाळा करू नका, पुढे त्या कमी झाल्या तर तेही अशाच नोंदींतून कळणार आहे. वेगळ्या पक्ष्याची नोंद केलीत तर तपासणारे स्वयंसेवक प्रश्न विचारतील, ते शंका म्हणून न घेता मदत म्हणून घ्या. तिथेच तुमच्या जिल्ह्याचा आठवडावार तक्ताही दिसतो: कुठला पक्षी कुठल्या आठवड्यात दिसतो, कधी नाहीसा होतो. शनिवारी रात्री तो पाच मिनिटं बघून रविवारी निघालात तर काय शोधायचं हे आधीच ठरलेलं असतं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी जगभरचे लोक एकाच दिवशी यादी भरतात, त्या दिवशी आपल्या जागेवरून एक यादी जायला हवी.

घरटी, घुबडांच्या जागा, हॅरियरचे रातथारे यांचा नेमका पत्ता मात्र चारचौघांत सांगू नका. एका पक्ष्याभोवती तीस कॅमेरे आणि फोनवर वाजवलेले त्याच्याच जातीचे आवाज, हे मी पाहिलं आहे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला खायला आणि विसावायला वेळ हवा असतो. आवाज वाजवून पक्षी बोलावणं या मोसमात तरी पूर्ण टाळा.

थकलेला किंवा काचेवर आपटलेला पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ फडक्यावर, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बरेच पक्षी तासा-दोन तासांत सावरतात, मग झाडीजवळ खोकं उघडून लांब उभे राहा. जखम असेल तर वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार असा पक्षी घरी पाळता येत नाही, अगदी प्रेमाने सुद्धा. पायात धातूची कडी दिसली तर तिच्यावरचा क्रमांक आणि अक्षरं टिपून घ्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने कित्येक दशकं पक्ष्यांना कड्या घातल्या आहेत, आणि बाहेर देशांतही घातल्या जातात. कोण कुठून येतं हे आपल्याला कळलं ते बरंचसं अशा कुणीतरी कळवलेल्या आकड्यांमुळे.

सोबत

वर्षातून एकदा तरी जाणत्या माणसांबरोबर फिरा. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. सालिम अलींनी उपखंडाचे पक्षी शास्त्राच्या शिस्तीने मांडले, चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत राहून पक्ष्यांची आपल्या माणसांच्या तोंडची नावं गोळा केली. या आठवड्यात गावोगावी फेऱ्या निघतात, बहुतेक ठिकाणी कोणीही जाऊ शकतं. फेरीत म्हाताऱ्यांच्या जवळपास चाला. आवाजावरून ओळखणारे तेच असतात.

आणि मोसमाच्या शेवटासाठी एक सकाळ राखून ठेवा. पूर्व सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघालेले अमूर ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपूरमध्ये लाखांनी उतरतात. नागालँडमधल्या दोयांग धरणाकाठी २०१२ पर्यंत त्यांची जाळी लावून प्रचंड शिकार व्हायची. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी ती थांबवली. तिथून निघून ते आपल्या डोक्यावरून जातात आणि अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिकेत उतरतात. पारव्याहून लहान पक्षी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला लोणावळ्याच्या पठारांवर ते उडते किडे टिपताना दिसतात. नर पाटीसारखा राखाडी, मांड्या विटकरी, आणि पंख उचलले की खालून पांढराशुभ्र पट्टा. ऊन तापून किडे वर उठू लागतात तेव्हा, नऊ-दहाच्या सुमारास, पठाराच्या पश्चिम कडेला उभे राहा आणि विजेच्या तारा एक एक करून तपासा. पहिल्या वर्षी दिसले नाहीत तर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी आठवडाभर आधी या.